चौकशीच्या अक्का

अक्कांनी नऊ वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी नायगावचा, म्हणून मी ‘नायगाव’. चहा आणणारे मामा ‘औसा’, मालक ‘उदगीर’, आणि खांबावरच्या तारा तपासायला येणारा सरदारजी ‘नांदेड’. मालकांना तोंडावर उदगीर म्हणायची टाप अख्ख्या लातुरात दुसऱ्या कुणाची नव्हती. पहिल्या दिवशी मला रागच आला. म्हटलं, मला नाव आहे की हो. “असंल की,” अक्का म्हणाल्या, “पण सगळ्यांची नावं कुठं ध्यानात ठेवू? गाव सांगितलं की माणूस सापडतो. हां नायगाव, बोल.”

ही सवय त्यांना टेलिफोन खात्यानं लावली होती. हातानं तार जोडून ट्रंककॉल लावायच्या काळात त्या लातूरच्या एक्स्चेंजमध्ये होत्या. तिथल्या बायका एकमेकींना गावाच्याच नावानं ओळखायच्या. “हॅलो नांदेड, हैदराबाद द्या बाई.” नांदेड म्हणजे कोण, काळी की गोरी, लग्नाची की बिनलग्नाची, अक्कांनी कधी पाहिलं नव्हतं. पण नांदेडचा घसा बसला तर लातूरला कळायचं, आणि नांदेडची सासू वारली तेव्हा लातूरनं आठ दिवस तिचे कॉल सांभाळून घेतले होते. नांदेड पुढं निवृत्त झाली. दोघींची भेट काही झाली नाही.

एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं तसं अक्कांना चौकशीच्या टेबलावर बसवलं. लोकांनी नाव सांगायचं, अक्कांनी नंबर सांगायचा. पुस्तक त्या उघडायच्याच नाहीत. गंज गोलाईतल्या कापडवाल्यांपासून अहमदपूरच्या डॉक्टरांपर्यंत सगळे नंबर तोंडपाठ. नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही, घरात एक थोरली नणंद. गळ्यात चांदीची लिंगाची डबी, कपाळावर भस्माची बारीक रेघ, आणि आवाज असा सरळ, की त्यात राग नाही, लोभ नाही. मी पुष्कळदा मुद्दाम चिडवून बघायचो. त्या आवाजाची पट्टी काही बदलायची नाही.

तो आवाज तसा का झाला, ते मला एकदा त्यांच्याच तोंडून कळलं. भूकंपाच्या सकाळी त्या घरातून निघून चालत एक्स्चेंजला गेल्या. भिंतीला तडा होता, टेबल चालू होतं. मुंबई, सोलापूर, हैदराबाद, कुठून कुठून लोक किल्लारीकडच्या गावांचे नंबर विचारत होते. अक्का सांगत होत्या. सोलापूरच्या एका आडत्यानं एकच नंबर दोनदा विचारला. तो अक्कांच्या भावाच्या दुकानाचा होता.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. दोन्ही वेळा सांगितला. लागत न्हाई म्हणाला. म्हटलं, नंबर बरोबर आहे, लावत राहा.”

भाऊ, भावजय, दोन पोरं, कुणीच राहिलं नव्हतं. ते संध्याकाळी कळलं. मी विचारलं, अक्का, तुम्ही रडला नाहीत? त्या सुपारी कातरत होत्या. “ड्यूटी चालू होती ना. मग ते राहूनच गेलं,” म्हणाल्या, आणि सुपारीचं खांड मला दिलं. मी सुपारी खाल्ली.

माझं म्हणाल तर मी लातुरात डॉक्टर व्हायला आलो होतो. त्या वेळी क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत होस्टेल, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. बापानं नायगावहून पोतंभर ज्वारी आणि मला एकाच टेम्पोत पाठवलं. दोन वर्षं मी घोकलं, दोन्ही वर्षं आपटलो. गावी काय तोंड दाखवायचं म्हणून इथंच एका इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत चिकटलो. कंपनी कसली, औसा रोडला दोन खोल्या. मालक आधी केबलवाले होते. वरच्या एका मोठ्या कंपनीची लाईन घ्यायची आणि ती क्लासेसना, होस्टेलांना, कॅफेंना वाटायची, हा धंदा. तक्रारीच्या फोनवर बसायला कुणीतरी शांत माणूस हवं होतं. अक्कांनी खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. उदगीरनं त्यांना आणून बसवलं.

संगणकातलं अक्कांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. मी नवा नवा शहाणा. एकदा त्यांना नेमसर्व्हर समजावून सांगायला बसलो. माणसं नावं लक्षात ठेवतात, संगणकाला आकडे लागतात. कुठलीही वेबसाईट उघडायची तर आपला संगणक आधी एका दुसऱ्या यंत्राला विचारतो, बाबा, या नावाचा आकडा काय? ते यंत्र आकडा सांगतं, मग पुढचं सगळं. ते यंत्र बसलं, तर लाईन धडधाकट असूनही काहीच उघडत नाही. एवढं सगळं मी अर्धा तास सांगितलं.

“म्हणजे चौकशी,” अक्का म्हणाल्या.

“हाव.”

“मग एवढं इंग्रजी कशाला झाडून राहिला होतास?”

तेव्हापासून आमच्या खोलीतला नेमसर्व्हरचा डबा अक्कांचा झाला. कोण काय विचारतंय त्याच्या ओळी पडद्यावर सरकत राहायच्या, अक्का त्या वाचत बसायच्या. “आज होस्टेलवाली पोरं नुसती क्रिकेट बघून राहिलीत. परीक्षा झाली वाटतं.” कुठला आकडा कुठल्या होस्टेलचा, त्यांनी महिनाभरात पाठ केलं. मला वर्षभरातही जमलं नव्हतं.

त्यांचा एकच नियम होता. विचारलं की सांगायचं. कोण विचारतंय ते विचारायचं नाही. आता आमचा नेमसर्व्हर हा आमच्या गिऱ्हाइकांपुरता असायला पाहिजे होता. पण बसवणाऱ्यानं तो सगळ्या जगाला उघडा ठेवला होता, आणि अक्कांच्या हातात फोन. भोकरची शाळा, देगलूरचं वाचनालय, माहूरच्या गडाखालचा एक फोटोवाला, ज्याचं ज्याचं नेट रडायचं तो अक्कांना फोन करायचा. ही सगळी काही आमची गिऱ्हाइकं नव्हती. त्यांच्या कंपन्यांचे नेमसर्व्हर दिवसाआड मरायचे. अक्का त्यांना आमच्या यंत्राचा चार तुकड्यांचा आकडा सांगायच्या. “घ्या लिहून. एकेक आकडा सांगते. परत वाचून दाखवा.” लोकांची कामं व्हायची. वहीत त्यांची नावं लिहिलेली असायची, म्हणजे गावांची.

मला ते पटत नव्हतं. उघडा नेमसर्व्हर म्हणजे वाटेवर सोडून दिलेलं हत्यार, कुणीही उचलावं आणि कुणालाही मारावं. तसं मी वाचलंही होतं. अक्कांना म्हटलं, हे बंद करायला पाहिजे. त्या म्हणाल्या, “तुझं काय जाऊन राहिलंय?” तेव्हा काहीच जात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी आळशी. बंद करायचं म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांच्या आकड्यांची यादी करा, ती यंत्राला शिकवा. कोण करतंय! राहू दिलं.

आळसाचा आणखी एक मासला सांगतो. एका उन्हाळ्यात नेमसर्व्हरचा प्रोग्रॅम दिवसातून पाचसहा वेळा आपोआप बसायला लागला. त्या प्रोग्रॅममध्ये एक खोट होती. कुणी मुद्दाम वाकडा, अर्धवट प्रश्न पाठवला, की तो गोंधळून जागेवर मरायचा. खोट दुरुस्त केलेली नवी आवृत्ती आलेली होती. ती चढवायची म्हणजे अर्धा दिवस काम. मी त्याऐवजी दर मिनिटाला मेलेल्या प्रोग्रॅमला उठवणारा दुसरा एक छोटा प्रोग्रॅम लावून दिला, आणि लई हुशारी केल्यासारखं अक्कांना दाखवलं. अक्कांनी पाहिलं. “बेशुद्ध पडलेल्या माणसाला मिनिटामिनिटाला पाणी मारून उठवून राहिलास. त्याला झालंय काय ते बघ की, मुडद्या.” त्या नऊ वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एकुलती एक शिवी. त्या दिवशी नवी आवृत्ती चढली.

हे सगळं सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात अक्का बावळट होत्या असं कुणाला वाटू नये. बावळट कोण होतं ते कळेलच.

फॉर्म ऑनलाईन भरायला लागल्याच्या काळातली गोष्ट. नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म सुटले होते, त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगचे. शेवटची तारीख एकच. त्या तारखेला सकाळी दहालाच अक्कांचा फोन खणखणायला लागला. होस्टेलं, कॅफे, क्लासेस, सगळीकडे रड एकच, काही उघडत नाही. लाईन बघितली तर बाहेर जाणारा रस्ता गच्च भरलेला. आमच्याकडून काहीतरी धो धो बाहेर चाललं होतं. मी वाकून पडद्याकडे बघत होतो. अक्का माझ्या मागून म्हणाल्या, “नायगाव, हा एकच माणूस एकच गोष्ट किती वेळा विचारून राहिलाय रे?”

खरंच. एका परक्या मुलुखातला एकच आकडा सेकंदाला शेकडो वेळा एकच प्रश्न विचारत होता. प्रश्न एका ओळीचा, आणि आमचं उत्तर पानभर. मी सांगितलं, अक्का, हा विचारतच नाहीये. विचारणारा दुसराच कुणीतरी बदमाश आहे. तो प्रश्नाच्या पाठीवर या बिचाऱ्याचा पत्ता लिहून पाठवतोय, आणि आपण उत्तरं याच्या घरावर नेऊन ओततोय. याचं यंत्रही बुडालं, आपली लाईनही बुडाली.

अक्कांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, “ट्रंकच्या टायमाला असंच झालं होतं. उदगीरच्या एका आडत्यावर कुणाचा तरी दात होता. त्यानं चार गावांहून ह्याच्या नावानं कॉल बुक करून ठेवले. चारी एक्स्चेंजच्या आम्ही बाया दिवसभर त्याला फोन लावून राहिलो, तुमचा कॉल लागला, बोला. बाजाराचा दिवस. त्याला दुसऱ्या कुणाचा फोन येईना. शेवटी तो रडायला आला बाबा. आम्ही सगळ्या इमानदारीनं त्याला बेजार करून राहिलो होतो.” मग पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, “म्हणजे आत्ता बेजार करणारे आपणच.”

“आपणच.”

“मग बंद कर.”

एवढ्या सहज त्या हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. एकाच माणसाला एकच उत्तर ठरावीक वेळापेक्षा जास्त द्यायचं नाही, अशी सोय अशा प्रोग्रॅममध्ये पुढं आली. तेव्हा आमच्याकडे ती नव्हती. तो एक आकडा अडवला, तर बदमाश लगेच दुसऱ्याचा पत्ता लिहायचा. आमच्या गिऱ्हाइकांची यादी करायची आणि बाकी जगाला दार लावायचं, हाच उपाय. तेवढ्यात वरच्या कंपनीचा निरोप आला. तुमच्याकडून जगाला त्रास चाललाय, संध्याकाळी पाचपर्यंत थांबला नाही तर लाईनच तोडू. मालक तेव्हा गुलबर्ग्याला लग्नाला गेलेले. ते फोनवरून ओरडायला लागले. लाईन तुटली असती तर लातुरातली हजारो पोरं शेवटच्या तारखेला लटकली असती. मला दोन वर्षं वाया गेल्याची चव माहीत होती. मी यादी करायला बसलो.

अक्कांनी वही उघडली. बाहेरच्या ज्या ज्या गावांना त्यांनी आमचा आकडा दिला होता, त्या एकेकाला फोन करायला लागल्या. “हॅलो भोकर, लातूर बोलतेय. तुमचं नेट पाचला बंद पडंल. नवा आकडा घ्या.” कुठल्या तरी दुसऱ्या उघड्या सर्व्हरचा आकडा मी त्यांना लिहून दिला होता. मधे मधे होस्टेलवाल्यांचे फोन यायचे, ते निपटायचे, की पुन्हा पुढचं गाव. जेवल्या नाहीत. औसानं आणलेला चहा तसाच गार झाला. चारपर्यंत वहीतली सगळी गावं झाली, एक किनवट सोडून.

किनवटला मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या वॉर्डनबाईंना अक्का आणि अक्कांना त्या फोनवरून चांगल्या ओळखायच्या. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला होता. त्यांच्याकडे चारपर्यंत वीज नसायची. चारला वीज आली की सात मुलींचे नर्सिंगचे फॉर्म भरायला बसणार होत्या. लोकांना नवा आकडा द्यायचं ठरलं ते दुपारनंतर. तोवर वॉर्डनबाई तहसील कचेरीत कसले तरी दाखले आणायला गेलेल्या, फोन कुणी उचलेना. चारनंतर अक्कांनी लावला तर एंगेज. मोबाइलला तिथं जंगलात रेंज नाही. आणि एंगेज का, तेही आम्हाला माहीत होतं. त्यांचं नेट त्याच टेलिफोनच्या तारेवरून चालायचं. नेट चालू असेपर्यंत फोन लागणारच नाही.

“बसल्या बघ पोरी,” अक्का म्हणाल्या. पडद्यावर त्या बदमाशाच्या गर्दीतून मधूनच एक ओळ जायची. नर्सिंगच्या फॉर्मच्या साईटचं नाव, आणि विचारणारा आकडा त्या बाजूचा. किनवटचा आकडा रोज बदलायचा, पण त्याचे पहिले दोन तुकडे अक्कांना पाठ होते. दर दोनतीन मिनिटांनी ती ओळ यायची. एक पान भरलं की पुढचं पान, पुढची मुलगी. अक्का बोटांवर मोजत होत्या. लाईन गच्च, त्यामुळं त्यांचं काम मुंगीच्या चालीनं चाललं होतं.

पाचला दहा कमी असताना माझी यादी झाली. अक्का म्हणाल्या, “नायगाव, अर्धा तास थांब. किनवट अजून विचारून राहिलंय.”

“अक्का, पाचची मुदत आहे.”

“हाव. पण दोघीतिघींचं झालं असंल आतापर्यंत. बाकीच्यांचं होऊ दे.”

मालकांचा फोन आला. “झालं का रे? झालं का? लाईन तुटली तर उद्या तू येऊ नको.” मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी तोच सरळ आवाज लावला होता, हात जोडले नव्हते, डोळ्यांत पाणी नव्हतं. हात जोडले असते तर कदाचित मी थांबलो असतो. किंवा नसतो. इकडे हजारो, तिकडे सात, असा मी हिशोब केला. पाचला दोन कमी असताना दार लावलं.

लाईन लगेच मोकळी झाली. पंधरा मिनिटांत लातुरातली सगळी होस्टेलं चालू. वरच्या कंपनीनं शाबासकी दिली. किनवटची ओळ अजून पडद्यावर यायची, आता तिच्यापुढं ‘नकार’ असं लागलेलं. यायची, नकार. यायची, नकार. मग ती यायची थांबली. अक्कांनी तेवढं बघितलं आणि फोन उचलून किनवट लावलं. एंगेज. पुन्हा लावलं. एंगेज. आठ वाजेपर्यंत त्या लावत होत्या. मधूनच ठेवला, की दुसऱ्या कुणाची तरी तक्रार त्यावर यायची, ती ऐकून पुन्हा किनवट. ऑफिसात तो एकच फोन होता.

तिसऱ्या दिवशी वॉर्डनबाईंचा फोन लागला. अक्कांनी स्पीकर लावला होता, म्हणून मी ऐकलं. “बाई, साडेपाचपास्नं मी तुम्हालाच लावून राहिले होते. सारखा एंगेज. आठला वीज गेली.”

“मी तुम्हालाच लावत होते,” अक्का म्हणाल्या. मग विचारलं, “किती झाले?”

“दोघींचे झाले. पाच राहिल्या.”

“नावं सांगा.”

नावं! माझ्यादेखत पहिल्यांदाच अक्का कुणाला गावाऐवजी नाव विचारत होत्या. त्यांनी पाचही नावं वहीत लिहिली, परत वाचून दाखवली, नवा आकडा सांगितला, फोन ठेवला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. “चहा सांग,” म्हणाल्या.

पुढच्या वर्षी फॉर्म सुटायच्या आधी महिनाभर त्यांनी किनवटला फोन केला. पाचांपैकी तिघींची लग्नं झाली होती. एक वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती, कुठं ते वसतिगृहाला माहीत नव्हतं. एक होती, तिचा फॉर्म अक्कांनी स्वतः फोनवर बसून एकेक रकाना विचारत भरून घेतला. फोन ठेवल्यावर मला सांगितलं, “एक झाली.” नंबर सांगावा तसं सांगितलं. मी मान हलवली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि खरं सांगतो, अजूनही नीटसं वाटत नाही. कुठंतरी बधिर झाल्यासारखं आहे. दुखत नाही, फक्त तिथं हात लावायची इच्छा होत नाही.

पुढं मोठ्या कंपन्या आल्या, आमची कंपनी बसली. मी नांदेडला एका कॉलेजात संगणकांची निगा बघायला लागलो. अक्कांची नणंद आधीच वारली होती, त्या एकट्याच राहायच्या. वर्षातून एकदोनदा मी लातूरला जायचो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्या खाटेवर होत्या, पाय सुजलेले, आवाज मात्र तोच. इकडचं तिकडचं झालं. मग एकदम म्हणाल्या, “किनवटचं तू मनाला लावून घेतलंस वाटतं. तेव्हापास्नं तुझं बोलणं कमी झालं.”

एक गोष्ट मला त्या प्रकाराच्या दुसऱ्याच सकाळी दाढी करताना सुचली होती. दारात कुणाला घ्यायचं त्याची यादी मीच केली होती. किनवटचा त्या दिवसाचा आकडा डोळ्यांसमोर पडद्यावर होता, चारी तुकडे. तो एक आकडा यादीच्या शेवटी लिहिला असता तर जगाला दार लागलं असतं आणि किनवटला उघडं राहिलं असतं. कुणाला त्रास नाही, कुठली मुदत मोडत नाही. एक ओळ. एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. अक्कांना हे माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांना वाटलं एक तर सगळं उघडं नाही तर सगळं बंद, म्हणून त्यांनी अर्धा तास मागितला. मला माहीत होतं. ते माझंच काम होतं. त्या घाईत, मालकाच्या ओरडण्यात, माझ्या हजारो विरुद्ध सातच्या हिशोबात ते माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि नंतर इतकी वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नाही.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. “दुसरा इलाज न्हवताच ना रे?”

“नव्हता अक्का,” मी म्हणालो.

“मग झालं तर,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटल्याचं मला दिसलं. पंधरा दिवसांनी त्या गेल्या.